चार ओळींची चिठ्ठी

वसंताचे दिवस हे आपल्याकडे व्याख्यानांचे दिवस. या व्यासपीठावरून आपण राज्यांचा, संतांचा आणि ग्रंथांचा इतिहास ऐकत आला आहात. आज मी एका द्रावणाचा इतिहास सांगावयास उभा आहे. हे ऐकून काहींच्या कपाळाला आठी पडली असेल. परंतु थोडा धीर धरावा, अशी विनंती आहे. आपल्यापैकी प्रत्येकाच्या घरी, कपाटाच्या वरच्या खणात किंवा आजीच्या पेटीत, एक तरी कृष्णधवल छायाचित्र असेल. कोणाच्या आजोबांचे, कोणाच्या आईवडिलांच्या लग्नातले. ते चित्र आपल्याला कॅमेऱ्याने दिले, अशी आपली समजूत असते. वास्तविक कॅमेऱ्याचे काम क्षणार्धात संपले होते. त्यानंतर काळोखात, द्रावणाने भरलेल्या एका भांड्यात जे घडले, त्यामुळे ते चित्र आज आपल्या हाती आहे. त्या कामाला आपण ‘फिल्म धुणे’ म्हणत आलो. ‘रोळ धुवायला टाकला आहे’ हे वाक्य तुम्हा-आम्हा सर्वांच्या कानांवरचे. शब्द घरगुती आणि गोड आहे, पण फसवा आहे. धुतल्याने असलेला मळ निघून जातो. येथे तर डोळ्यांना जे दिसत नव्हते ते दिसू लागते.

हे न दिसणारे किती काळ वाट पाहू शकते याची एक हकीकत प्रथम सांगतो. ११ जुलै १८९७ रोजी सालोमन आंद्रे, निल्स स्ट्रिंडबर्ग आणि क्नुट फ्रेंकेल हे तीन स्वीडिश गृहस्थ स्पिट्सबर्गेनजवळच्या एका बेटावरून हायड्रोजनच्या फुग्यात बसून उत्तर ध्रुवाकडे निघाले. तीन दिवसांत फुगा बर्फावर टेकला. तिघेही जवळजवळ तीन महिने बर्फावरून चालत राहिले आणि अखेर एका निर्जन बेटावर मरण पावले. जगाला त्यांचे काय झाले हे कळले नाही. १९३० साली त्या बेटावर त्यांचे अवशेष सापडले, रोजनिश्या सापडल्या आणि कॅमेऱ्याबरोबर प्रकाश दाखविलेली, परंतु न धुतलेली फिल्म सापडली. स्टॉकहोम येथे जॉन हर्ट्झबर्ग यांनी ती फार काळजीपूर्वक धुतली. तेहेतीस वर्षे बर्फात पडलेल्या त्या फिल्ममधून नव्वदाहून अधिक चित्रे निघाली. बर्फावर कलंडलेला फुगा आणि त्याच्याकडे पाहत उभी असलेली दोन माणसे, हे चित्र त्यांतलेच. छायाचित्र घेणारा हात गळून तेहेतीस वर्षे झाली होती. चित्र मात्र त्यानंतर जन्मास आले.

मग तेहेतीस वर्षे त्या फिल्मवर होते तरी काय?

फिल्मवर जिलेटिनचा पातळ थर असतो आणि त्यात सिल्व्हर ब्रोमाइडचे अतिसूक्ष्म स्फटिक पसरलेले असतात. एका मिलिमीटरच्या रुंदीत असे हजारभर स्फटिक शेजारी शेजारी मांडता येतील, इतके ते बारीक. एवढ्याशा स्फटिकातही चांदीचे अब्जावधी अणू बांधलेले असतात. बांधलेले म्हणण्याचे कारण असे की, प्रत्येकाने आपला एक इलेक्ट्रॉन ब्रोमीनच्या हवाली केलेला असतो. प्रकाश पडला की कोठे एखादा इलेक्ट्रॉन सुटतो, चांदीच्या एखाद्या बद्ध अणूला जाऊन मिळतो, आणि तो अणू मोकळा होतो. असे चारएक मोकळे अणू एके जागी जमले की तो स्फटिक ‘प्रकाश लागलेला’ ठरला. अब्जावधीत चार! सूक्ष्मदर्शकालाही ते दिसणे नाही. या न दिसणाऱ्या चित्राला शास्त्रात सुप्त प्रतिमा म्हणतात. ती कशी घडते याचा नीट उलगडा १९३८ साली गर्नी आणि मॉट या दोघा पदार्थविज्ञांनी केला. म्हणजे छायाचित्रणाचा शोध जगापुढे येऊन नव्व्याण्णव वर्षे झाल्यावर. माणसे आधी चित्रे काढावयास शिकली, आणि आपण काय करतो आहोत हे त्यांना मागाहून कळले.

डेव्हलपरचे, म्हणजे विकासकाचे, काम आता सहज समजेल. तो इलेक्ट्रॉन देणारा पदार्थ आहे. चारएक अणूंचा तो ठिपका म्हणजे स्फटिकाच्या भिंतीला पडलेले दार. त्या दारातून डेव्हलपर इलेक्ट्रॉन आत सोडतो आणि पाहता पाहता सबंध स्फटिकातील चांदी मोकळी होऊन काळी दिसू लागते. प्रकाशाने केलेले काम अशा रीतीने सुमारे एक अब्जपट वाढते. ज्या स्फटिकाला प्रकाश लागला नाही त्याला दार नाही. तो तसाच राहतो आणि पुढे हायपोच्या द्रावणात विरघळून जातो. पण येथे एक मेख आहे. डेव्हलपर फार जहाल असेल किंवा त्याला फार वेळ दिला, तर तो दाराची वाट न पाहता भिंत फोडून आत शिरतो आणि सगळीच फिल्म काळी करतो. म्हणून चांगल्या डेव्हलपरपाशी दोन गुण लागतात. तो दाता असावा, आणि त्याला पात्रापात्रविवेक असावा.

हा विवेक माणसाला कसा सापडत गेला, हाच आजचा विषय. तो सांगण्यासाठी मी एक चिठ्ठी घेऊन आलो आहे. कृष्णधवल फिल्म धुणाऱ्या अनेकांच्या काळोख्या खोलीत ती भिंतीला चिकटवलेली असे. ‘डी-७६’ हे तिचे नाव. साडेसातशे मिलिलिटर कोमट पाणी घ्यावे आणि त्यात क्रमाने चार पदार्थ विरघळवावे:

मेटॉल – २ ग्रॅम
सोडियम सल्फाइट (निर्जल) – १०० ग्रॅम
हायड्रोक्विनोन – ५ ग्रॅम
टाकणखार – २ ग्रॅम

नंतर पाणी घालून एक लिटर करावे. संपले! स्वयंपाकाच्या पुस्तकातील साध्या आमटीची कृतीसुद्धा याहून लांब असते. परंतु या चार ओळी लिहून होण्यास जवळजवळ नव्वद वर्षे लागली, आणि एकेका ओळीमागे एकेका पिढीचे श्रम आहेत.

चिठ्ठीच्याही आधीची गोष्ट एका झाडाची आहे. आपल्या घरी तान्ह्या मुलाला बाळगुटी उगाळून देतात, तीत हिरडा असतो आणि मायफळही असते. मायफळ हे खरे फळ नव्हे. ओक वृक्षाच्या फांदीवर एक किडा अंडी घालतो आणि तेथे ही गाठ येते. चाखल्यावर जिभेला कोरड पडते ती या दोहोंमधील तुरट द्रव्याने. स्वीडनचा रसायनज्ञ शेले याने १७८६ साली मायफळापासून एक आम्ल वेगळे केले. त्याला मायफळाच्या लॅटिन नावावरून गॅलिक आम्ल म्हणू लागले. युरोपात शतकानुशतके लिहिण्याची शाई मायफळाचीच असे. त्याच आम्लाने पुढे प्रकाशाचे लिहिणे वाचून दाखविले.

इंग्लंडात विल्यम हेन्री फॉक्स टॅलबट हे कागदाला चांदीचे क्षार लावून त्यावर चित्रे उमटविण्याचे प्रयोग करीत होते. कागद कॅमेऱ्यात तासभर ठेवावा तेव्हा कोठे चित्र डोळ्यांना दिसू लागे. १८४० च्या सप्टेंबरात त्यांनी गॅलिक आम्ल आणि सिल्व्हर नायट्रेट यांचे मिश्रण कागदावर फिरविले, तेव्हा कोऱ्या दिसणाऱ्या कागदावर चित्र आपोआप वर येऊ लागले. तासाचे काम मिनिटांवर आले. प्रकाशाने चित्र पुरे करावे ही अपेक्षाच चुकीची होती. प्रकाशाने आरंभ करावा आणि उरलेले रसायनाने करावे, हे सूत्र त्या दिवशी सापडले. तत्पूर्वी १८३९ साली फ्रान्सच्या दागेरनेही चांदीच्या पत्र्यावरील चित्र पाऱ्याच्या वाफेने वर आणले होते. पण त्या पत्र्याची दुसरी प्रत निघत नसे. टॅलबट यांच्या कागदी निगेटिव्हवरून हव्या तितक्या प्रती निघत, आणि पुढचे सारे छायाचित्रण त्याच वाटेने गेले.

आता एक गोष्ट लक्षात ठेवावी. टॅलबट यांनी १८४१ मध्ये आपल्या कृतीचे पेटंट घेतले. इंग्लंडात त्या कृतीने धंदा करावयाचा तर त्यांचा परवाना हवा. त्यांचा खर्च आणि श्रम मोठे होते, तेव्हा हे अन्यायाचे होते असे मी म्हणणार नाही. पण या परवान्यामुळे त्या देशातील छायाचित्रणाची वाढ खुंटली, असे तेव्हाही अनेक जण म्हणत. याच्या उलट फ्रेडरिक स्कॉट आर्चर याचे वर्तन. १८५१ च्या मार्चमध्ये त्याने काचेवर कलोडियनचा थर देऊन चित्र घेण्याची कृती एका मासिकात छापून टाकली. पेटंट घेतले नाही. गॅलिक आम्ल तापवून मिळणारे पायरोगॅलिक आम्ल हा त्याचा डेव्हलपर. गॅलिक आम्लाहून तो कितीतरी वेगवान. थोड्याच वर्षांत जगभरचे छायाचित्रकार त्याच्या कृतीने काम करू लागले. ही कृतीही आपल्याच पेटंटात येते, असा दावा टॅलबट यांच्या बाजूने झाला. १८५४ च्या डिसेंबरात लंडनच्या न्यायालयात पंचांनी तो मान्य केला नाही, आणि काचेवरची कृती सर्वांना मोकळी झाली. आर्चर स्वतः मात्र १८५७ साली दारिद्र्यात वारला. ज्या शोधाने इतरांची घरे चालली त्या शोधातून बापाला काही मिळाले नाही, हे जाणून सरकारने त्याच्या मुलांना लहानसे वेतन बांधून दिले.

आर्चरच्या कृतीत एक गैरसोय होती. काच ओली आहे तोवर चित्र घेऊन, ओली आहे तोवरच ती धुवावी लागे. डोंगरावर जावयाचे तर काळोखाचा तंबू बरोबर न्यावयाचा. १८७१ साली रिचर्ड मॅडॉक्स या इंग्रज डॉक्टरने जिलेटिनचा थर वापरण्याची सूचना केली. तीही त्याने उघडपणे छापली. पुण्यात न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली वसंत व्याख्यानमाला सुरू केली, त्या सुमारास हे प्रयोग चालू होते. दशक संपण्यापूर्वी कोरड्या काचा बाजारात मिळू लागल्या. काच आज घ्यावी, महिन्याने धुवावी. फिल्मचा जन्म या कोरड्या काचेतून झाला. परंतु जिलेटिनच्या थरात शिरून काम करावयाचे तर डेव्हलपर अल्कधर्मी हवा, आणि अल्कधर्मी द्रावणात जुना पायरो हवेतील प्राणवायूने पाहता पाहता तपकिरी होऊन निकामी होई. नव्या काचेला नवा डेव्हलपर हवा होता.

येथून आपली चिठ्ठी सुरू होते. कालक्रमाने पहिली ओळ हायड्रोक्विनोनची. इंग्लंडच्या सैन्यातील अधिकारी आणि रसायनज्ञ विल्यम ॲबनी यांनी १८८० साली त्याचा हा गुण दाखवून दिला. हा पदार्थ प्रथम मिळाला तो सिंकोनाच्या सालीतील एका आम्लापासून. क्विनीन आणि हायड्रोक्विनोन ही नावे त्या सालीच्याच नावावरून पडली. चित्रात गडद काळेपणा आणण्यात हा पदार्थ पटाईत. पण तो उशिरा जागा होतो, आणि थंडीत तर आळसच करतो.

दुसरी ओळ सल्फाइटची. १८८२ साली हर्बर्ट बर्कली याने असे सुचविले की, डेव्हलपरमध्ये सोडियम सल्फाइट घालावे. सल्फाइटला प्राणवायूची ओढ मोठी. हवेचा पहिला वार ते आपल्या अंगावर घेते आणि डेव्हलपर वाचतो. एवढ्याने मोठा फरक पडला. जे द्रावण तासाभरात टाकावे लागे ते बाटलीत दिवसचे दिवस टिकू लागले. चित्रावर आणि बोटांवर पडणारे तपकिरी डागही कमी झाले. आपल्या चिठ्ठीत सल्फाइट शंभर ग्रॅम आहे आणि बाकी सारे मिळून नऊ ग्रॅम, हे आपल्या ध्यानात आले असेल. या शंभराचे आणखी एक काम आहे, ते पुढे येईल.

तिसरी ओळ मेटॉलची, आणि ती जर्मनीची आहे. तेथे डांबरापासून कृत्रिम रंग बनविण्याचे मोठे कारखाने उभे राहिले होते. रंग बनविताना जे मधले पदार्थ तयार होतात त्यांत इलेक्ट्रॉन देणारे पुष्कळ असतात. आग्फा या रंगाच्या कंपनीतील रसायनज्ञ मॉम्मे आंड्रेसेन यांनी ते एकामागून एक तपासले आणि १८९१ साली ‘रोडिनल’ बाजारात आणले. त्याच वर्षी हाउफ यांच्या कारखान्यात आल्फ्रेड बोगिश यांना मेटॉल सापडले. मेटॉलचा स्वभाव हायड्रोक्विनोनच्या उलट. ते लगेच जागे होते, सावलीतील फिकट तपशीलही वर आणते, पण त्याच्याने फार गडद काळे होत नाही.

आंड्रेसेन आणि फ्रान्सचे ल्युमिएर बंधू यांना त्याच सुमारास आणखी एक मोलाची गोष्ट उमगली. बेंझीनचा रेणू म्हणजे कार्बनच्या सहा अणूंचे षट्कोनी कडे. त्या कड्याला हायड्रॉक्सिल किंवा अमिनो गट असे दोन गट जोडावे. ते अगदी शेजारी असले, किंवा बरोबर समोरासमोर असले, तर पदार्थ डेव्हलपर होतो. मध्ये एक कोपरा सोडून बसले, तर होत नाही. हायड्रोक्विनोन आणि रिसॉर्सिनॉल यांत अणू तेच आणि तितकेच. पहिल्यात गट समोरासमोर, दुसऱ्यात एकाआड. पहिला फिल्म धुतो, दुसरा नुसता पाहत राहतो. पंगतीत माणसे तीच असली तरी कोण कोणाशेजारी बसले यावर रंग ठरतो, तसाच हा प्रकार. या नियमाने चाचपडणे संपले. झाडांच्या साली आणि गाठी उकळण्याचे दिवस गेले. कागदावर षट्कोन काढून डेव्हलपर शोधण्याचे दिवस आले.

पण ज्ञान एका देशाच्या कारखान्यात कोंडले गेले की काय होते, हे १९१४ साली दिसून आले. महायुद्ध सुरू झाले, जर्मनीचा माल बंद झाला आणि मेटॉलचे भाव भडकले. लढाईत टेहळणीसाठी छायाचित्रांची गरज तर रोज वाढत होती. दोन ग्रॅमच्या एका पांढऱ्या भुकटीसाठी मोठमोठी राष्ट्रे अडून बसली. अमेरिकेतील ईस्टमन कोडॅक कंपनी तोच पदार्थ ‘एलॉन’ या नावाने करू लागली, आणि १९१८ साली तिने कृत्रिम सेंद्रिय रसायनांचा स्वतंत्र विभागच उघडला. सूत्र शास्त्रीय ग्रंथांत छापलेले होते म्हणूनच हे होऊ शकले. बनविण्याचे कसब मात्र सर्वांना नव्याने कमवावे लागले.

आपल्याकडची एक गोष्ट येथे सांगितली पाहिजे. महायुद्धाच्या आदल्या वर्षी, १९१३ साली, दादासाहेब फाळक्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ हा सुमारे ३,७०० फुटांचा चित्रपट मुंबईत दाखविला. दादरच्या त्यांच्या घरातच फिल्म धुण्याचे काम चाले. सरस्वतीबाई फाळके फिल्मच्या कडांना भोके पाडीत, रसायने मिसळून देत आणि फिल्म धुण्यासही हात लावीत. दिवसा घरच्या आणि कंपनीच्या माणसांचा स्वयंपाक, रात्री काळोखात ही दुसरी पाकक्रिया. आपल्या पहिल्या चित्रपटाचे श्रेय देताना या काळोखातील हातांची आठवण आपण ठेवली पाहिजे. फिल्म, यंत्र आणि रसायन यांसाठी विलायतेकडे पाहणाऱ्या आपल्या या बाल्यावस्थेतील धंद्याला महायुद्धाची झळ बसली, ती फाळक्यांनाही चुकली नाही.

चौथी ओळ टाकणखाराची. हा आपल्या सोनाराच्या मुशीतलाच पदार्थ. सिनेमाचा पडदा मोठा होत होता. टपालाच्या तिकिटाएवढे चित्र भिंतीएवढे करून दाखवावयाचे, तर चांदीचे कण जाड झालेले चालत नाहीत. पडदाभर वाळू उडाल्यासारखी दिसते. तोवरचे डेव्हलपर धुण्याच्या सोड्यासारख्या जोरकस अल्काने चालत आणि घाईने काम करीत. कोडॅकच्या प्रयोगशाळेत जॉन कॅपस्टाफ यांनी सोडा काढून टाकला, त्या जागी सौम्य टाकणखार घातला, आणि सल्फाइट भरपूर वाढविले. टाकणखाराने काम सावकाश केले. वाढविलेल्या सल्फाइटने आपले ते दुसरे काम केले. स्फटिकांच्या कडा किंचित विरघळवून कण बारीक राखले.

आणि मेटॉल व हायड्रोक्विनोन एकत्र आल्यावर एक नवल घडते. एवढ्या सौम्य द्रावणात एकटे हायड्रोक्विनोन जवळजवळ निष्क्रिय असते. मेटॉल दारापर्यंत जाऊन आपला इलेक्ट्रॉन देते आणि रिकामे होते. मागे उभे असलेले हायड्रोक्विनोन आपला इलेक्ट्रॉन देऊन त्याला पुन्हा भरते. ओंजळीने पाणी देणारा एक आणि त्याची ओंजळ भरणारा दुसरा. दोघे मिळून जे करतात ते दोघांच्या वेगवेगळ्या कामांच्या बेरजेपेक्षा पुष्कळ अधिक असते. दाता होण्याचा गुण या जोडीत आला, विवेकाचा गुण टाकणखाराच्या सौम्यपणात आला, आणि दोहोंचे रक्षण सल्फाइटने केले. मी आरंभी म्हटलेले दोन्ही गुण या चार ओळींत असे एकत्र नांदतात.

१९२७ साली कंपनीने हे सूत्र वजनमापांसह प्रसिद्ध केले. ते का, याचे कारण व्यवहाराचे आहे. तिला फिल्म विकावयाची होती. फिल्म नीट धुतली गेली तरच ती अधिक खपणार. हेतू काही असो, परिणाम मोठा झाला. इंग्लंडच्या इलफर्ड कंपनीने तेच मिश्रण आयडी-११ या नावाने विकले. हॉलिवुडच्या प्रयोगशाळेत जे द्रावण, तेच ज्याच्यापाशी तराजू आणि चार बाटल्या आहेत अशा तालुक्याच्या गावच्या छायाचित्रकाराच्या टाकीत.

अशाच एका गावच्या स्टुडिओत मी लहानपणी लुडबुड करीत असे. मालकांना आम्ही काका म्हणत असू. दर आठवड्यास ते डेव्हलपर घरी करीत आणि टाकणखार शेजारच्या सोनाराकडून आणीत. एकदा त्यांनी ते काम माझ्यावर सोपविले. मी चिठ्ठी वाचली, आणि जे जास्त आहे ते आधी, या हिशेबाने शंभर ग्रॅम सल्फाइट प्रथम ओतले. नंतर मेटॉल टाकले, ते काही केल्या विरघळेना. भुकटी तळाशी तशीच. काका आले, बाटली उजेडात धरली आणि म्हणाले, “अरे, चिठ्ठीत काय लिहिलंय ते पाहिलंस, कोणत्या क्रमानं लिहिलंय ते नाही पाहिलंस.” सल्फाइटच्या दाट द्रावणात मेटॉल विरघळत नाही, म्हणून ते पहिल्या ओळीवर आहे. त्या दिवशी बाटलीभर माल वाया गेला, पण एक गोष्ट मनात कायमची ठसली. चिठ्ठी लिहिणाऱ्याने आपला अनुभव शब्दांत सांगितला नव्हता; तो ओळींच्या क्रमात ठेवला होता.

उन्हाळ्यात आणखी एक विद्या लागे. हे द्रावण वीस अंश उष्णतेला वापरावयाचे, आणि आपल्या वैशाखात नळाचे पाणीच तीसच्या वर. जिलेटिन फुगते, मऊ पडते, कधी काचेवरून वा फिल्मवरून चक्क सुटून येते. मग बर्फाच्या परातीत टाकी ठेवावयाची, किंवा जिलेटिन फुगू नये म्हणून द्रावणात सोडियम सल्फेट घालावयाचे. विलायतेतील चिठ्ठीला येथल्या हवेची अशी पुरवणी जोडावी लागे, आणि ती पुरवणीही एकाने दुसऱ्याला सांगितली म्हणूनच टिकली.

श्रोतेहो, ज्या बलाढ्य कंपन्यांची नावे मी घेतली त्यांचे पुढे काय झाले? आग्फाची छायाचित्रणाची कंपनी २००५ साली दिवाळखोरीत निघाली. ईस्टमन कोडॅकने २०१२ च्या जानेवारीत दिवाळखोरीच्या कायद्याचा आश्रय घेतला. डी-७६ मात्र आजही कोणालाही करता येते. आंड्रेसेन यांच्या रोडिनलचे पेटंट कधीच संपले, त्यामुळे तेही निरनिराळ्या नावांनी दुसरे लोक करीत आले. पेटंटाचा एक गुण येथे कबूल केला पाहिजे. ते काही वर्षे दार लावते, पण कृती सरकारदरबारी लिहून ठेवावयास लावते. मुदत संपली की ते लेखन सर्वांचे. खरा धोका आहे तो कृती एकाच घरातल्या यंत्रांवर आणि कसबावर अवलंबून ठेवण्याचा.

कोडाक्रोम नावाची रंगीत फिल्म आपल्यापैकी वडीलधाऱ्यांना आठवत असेल. तिचे रंग फिल्ममध्ये नसत. धुताना एकामागून एक रसायनांतून ते भरावे लागत. ही क्रिया इतकी गुंतागुंतीची की घरी करण्याची सोय नाही. २०१० च्या डिसेंबरअखेर ती धुणाऱ्या जगातील शेवटच्या प्रयोगशाळेने हे काम थांबविले. त्यानंतर ज्या कोणाच्या कपाटात न धुतलेला कोडाक्रोमचा रोळ निघाला, त्याचे रंग गेले. पण चित्र मात्र पुरते गेलेले नाही. त्या फिल्ममध्येही शेवटी चांदीचेच स्फटिक आहेत. साध्या कृष्णधवल डेव्हलपरमध्ये जाणत्या हाताने ती धुतली, तर रंगांवाचून का होईना, आजोबांचा चेहरा वर येऊ शकतो. बंद झालेल्या कारखान्याने जे अर्धे सोडले, त्यातले थोडे भिंतीवरची चिठ्ठी परत आणते.

आंद्रे यांच्या फिल्मची तेहेतीस वर्षांनी चित्रे झाली, ती बर्फाने सुप्त प्रतिमा राखली म्हणून. पण नुसते राखून चालले नसते. तेहेतीस वर्षांनी ती धुणारे ज्ञान जगात शिल्लक होते, ते ग्रंथांत लिहिलेले होते आणि शिकलेले हात ते चालवीत होते, म्हणून ती जन्मास आली.

आपल्यापैकी कोणी रंगारी असेल, कोणी वैद्य, कोणी लोणची घालणारी गृहिणी, कोणी घड्याळजी. प्रत्येकापाशी अशी एखादी चार ओळींची कृती असते, आणि बहुधा ती डोक्यात असते, कागदावर नसते. घरी गेल्यावर ती लिहून काढावी. वजने लिहावी, क्रम लिहावा, आपल्या हवेची पुरवणी लिहावी, आणि ज्याला हवी त्याला उतरून घेऊ द्यावी. आर्चरला त्याच्या उदारपणाचे मोल मिळाले नाही, हे खरे. त्याचे दुःख आपण मानलेच पाहिजे. परंतु पुढे फिल्म धुणाऱ्या प्रत्येकाच्या कामात त्याचा वाटा राहिला. आपल्या घरातील त्या जुन्या छायाचित्राकडे आज रात्री पुन्हा एकदा पाहावे. त्यातील काळा भाग चांदीचा आहे, आणि ती चांदी कोणीतरी लिहून ठेवलेल्या चिठ्ठीने मोकळी केलेली आहे.